जनगणनेत गाव आहे, नोंदवहीत माणूस नाही: इंग्लंडच्या खेड्यातला पूर्वज अडतो तेव्हा

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. सासरचं किंवा आजोळचं मूळ इंग्लंडमधल्या कुठल्याशा खेड्यात आहे. १९११ पासून एकेक जनगणना मागे जात १८५१ पर्यंत सगळं सुरळीत चालतं. तिथे विल्यम नावाचा मूळपुरुष भेटतो: शेतमजूर, वय ४२, बायको, पाच मुलं आणि शेवटच्या रकान्यात जन्मगाव. ते गाव घेऊन पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या मुलखाच्या, नोंदवहीत बाप्तिस्मा शोधायला जावं, तर विल्यम नाही. किंवा त्याच नावाचे तीन विल्यम आहेत, आणि हे प्रकरण जास्त अवघड.

यावर लोक एकतर शोध सोडून देतात, नाहीतर हाताशी लागलेला कुठलाही विल्यम उचलून वंशवृक्षाला चिकटवतात. शोध सोडणारा निदान नुकसान करत नाही. चिकटवणारा पुढची दोन वर्षं दुसऱ्याच्याच घराण्याचा अभ्यास करतो, आणि तो वृक्ष इंटरनेटवर गेला की त्याची नक्कल करणारे दहा जण तयार असतात.

मुळात पॅरिशची नोंदवही म्हणजे गावातल्या माणसांची यादी नव्हे. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यात कूळ पिढ्यान् पिढ्या लावलेलं असतं, तशी अपेक्षा घेऊन इथे गेलात तर फसगत ठरलेली. पाद्री लिहायचा तो त्याच्या चर्चमध्ये झालेला विधी: बाप्तिस्मा, लग्न, दफन. ज्याचा विधी तिथे झाला नाही तो त्या वहीत नाही, मग जन्म चर्चच्या भिंतीला लागून असलेल्या घरात का झालेला असेना. जनगणना सरकारने डोकी मोजायला केली. गरिबांचे कागद पॅरिशने स्वतःचे पैसे वाचवायला ठेवले. म्हणून ‘माझा पूर्वज कुठे गेला?’ याऐवजी ‘त्याला लिहून ठेवण्याची गरज कुणाला होती?’ असं विचारायला लागलात की बऱ्याच गाठी सुटतात.

आधी जनगणनेची ओळच तपासा

नोंदवहीवर संशय घेण्याआधी जनगणनेवर घ्या. वेबसाइटवरची टाइप केलेली ओळ बाजूला ठेवून मूळ पानाचं चित्र उघडा. तेही खरं तर मूळ नाही. १८४१ ते १९०१ पर्यंतची जी पानं आपण पाहतो ती प्रगणकाने घरोघरच्या तक्त्यांवरून उतरवून काढलेली प्रत आहे, मूळ तक्ते नष्ट झाले. कुटुंबप्रमुखाने स्वतःच्या हाताने भरलेला तक्ता पाहायला मिळतो तो १९११ पासून. त्यात भर म्हणजे प्रती तपासताना कारकुनांनी वयाच्या आकड्यांवर रेघा मारल्या आहेत, त्यामुळे २६ चे ३६ वाचले जातात.

अक्षरओळख नसलेला शेतमजूर गावाचं नाव बोलून सांगायचा आणि प्रगणक ऐकू येईल तसं लिहायचा. नॉरफोकमध्ये स्पेलिंगवरून ‘वायमंडहॅम’ वाटणाऱ्या गावाला लोक ‘विंडम’ म्हणतात आणि ‘हॅपिसबर्ग’ दिसतं त्याला ‘हेझब्रो’. तुमच्या विल्यमचं गाव नकाशावर मिळतच नसेल, तर नाव मोठ्याने उच्चारून बघा आणि त्या काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) गावांची यादी कानाने चाळा.

गाव एकच असेल असंही नाही. रकान्यात नुसतं ‘नॉरफोक, बर्नहॅम’ लिहिलं असेल तर बर्नहॅम मार्केट, बर्नहॅम थॉर्प, बर्नहॅम ओव्हरी, बर्नहॅम नॉर्टन, बर्नहॅम डीपडेल ही सगळी शेजारी शेजारी आहेत. अॅडमिरल नेल्सन बर्नहॅम थॉर्पच्या पाद्र्याचा मुलगा, म्हणून तेवढंच एक नाव लोकांना ठाऊक असतं आणि बिचारे सगळे तिथेच शोधत बसतात.

काउंटीचाही घोळ असतो. ‘सॅलप’ म्हणजे श्रॉपशर, ‘साउथॅम्प्टन काउंटी’ म्हणजे हॅम्पशर. सीमा सरकल्या ते वेगळंच. शेतमजूर कवी जॉन क्लेअर १७९३ मध्ये हेल्पस्टनला जन्मला तेव्हा ते गाव नॉर्थम्प्टनशरमध्ये होतं. आज ते केंब्रिजशरमध्ये दाखवलं जातं. आजच्या नकाशावरून काउंटी ठरवून शोध घातलात तर असं गाव हातचं जातं. फॅमिलीसर्च या वंशशोधाच्या वेबसाइटवर इंग्लंडच्या १८५१ च्या पॅरिश हद्दींचा नकाशा आहे. गावावर टिचकी मारली की काउंटी, डायोसीस (बिशपच्या हाताखालचा प्रदेश), शेजारचे पॅरिश सगळं दिसतं. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर इंग्लंडचेही जुने सहा इंची (मैलाला सहा इंच) नकाशे फुकट आहेत. त्यावर वाड्यावस्त्यांची नावं मिळतात, कारण जन्मगाव म्हणून सांगितलेलं नाव पुष्कळदा वस्तीचं असतं आणि चर्च दुसऱ्याच गावात. उत्तरेत तर लँकशरमधल्या व्हॅली (Whalley) नावाच्या पॅरिशसारखे अवाढव्य पॅरिश होते. त्यांच्या पोटात कितीतरी वस्त्या आणि त्या वस्त्यांची आपापली उपचर्चं.

एका जनगणनेवर थांबू नका. १८५१, १८६१, १८७१, १८८१, जिथवर माणूस जिवंत आहे तिथवरची सगळी उत्तरं एकाखाली एक लिहा. घरापासून लांब गेलेला माणूस जवळच्या बाजारपेठेचं नाव सांगतो आणि चार मैलांवर राहणारा नेमकी वस्ती सांगतो, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे सगळ्यांत बारीक उत्तरावर आधी भरवसा ठेवा. माणूस १८५१ आधीच वारला असेल तर मात्र पंचाईत. १८४१ मध्ये फक्त ‘याच काउंटीत जन्म झाला का’ एवढंच विचारलं होतं, आणि १५ वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहायची सूचना होती. म्हणजे १८५१ चा ४२ वर्षांचा विल्यम १८४१ मध्ये ३० चा दिसला तर घाबरू नका, तो ३२ चाच आहे. १८४१ मध्ये नातंही लिहिलेलं नसतं. एका छताखाली आहेत म्हणून ती नवराबायकोच असतील असं धरू नका.

एक सापळा पुष्कळांना अडकवतो. १८५१ नंतरच्या पानांवर ‘सन-इन-लॉ’ किंवा ‘डॉटर-इन-लॉ’ लिहिलेलं आठ वर्षांचं पोर दिसलं तर तो जावई किंवा सून नव्हे, सावत्र मूल आहे. त्या काळी तो शब्द दोन्हीसाठी चालायचा. आणि असं मूल पुष्कळदा सावत्र बापाच्याच आडनावाने नोंदलेलं असतं. म्हणजे बाप्तिस्मा शोधायचा तो वेगळ्या आडनावाने.

‘नाही’ म्हणजे नक्की काय नाही?

शोधचौकटीत नाव टाकलं आणि काही आलं नाही, याचा अर्थ एवढाच की त्या वेबसाइटच्या सूचीत ते नाव त्या रूपात नाही. त्या पॅरिशची त्या वर्षांची वही सूचीत घेतली आहे का, हे आधी बघा. फ्रीरेग या नोंदवह्यांच्या सूचीच्या साइटवर प्रत्येक पॅरिशची कुठली वर्षं टाइप झाली आहेत ते दाखवलेलं असतं. अॅन्सेस्ट्री आणि फाइंडमायपास्ट या सशुल्क साइटवर संग्रहाच्या माहितीत काउंटीनुसार शोधावं लागतं. एका साइटकडे नॉरफोक चांगलं असतं तर दुसरीकडे डॉर्सेट. सगळं एका ठिकाणी मिळेल ही आशा सोडलेली बरी.

वही आहे पण नाव नाही, तर आडनाव गाळून शोधा: फक्त पॅरिश, वर्षं आणि आईबापांची पहिली नावं. त्या काळच्या लेखनात लागोपाठच्या दोन ‘एस’पैकी पहिला लांब काढलेला असायचा, तो सूची करणाऱ्याला ‘एफ’ वाटतो. मग ‘मॉस’ आडनाव ‘मॉफ्स’ होऊन बसतं. ‘एच’ बोलण्यात गळतो, म्हणून हॅरिस हा ‘ए’खाली सापडतो. मुलींच्या नावांत पॉली म्हणजे मेरी, नॅन्सी म्हणजे अॅन, पेगी म्हणजे मार्गारेट, सॅली म्हणजे सारा.

वहीच हरवली किंवा उंदरांनी खाल्ली असेल तरी आशा असते. १५९८ पासून पाद्र्यांना वर्षाच्या नोंदींची नक्कल बिशपकडे पाठवावी लागे. या नकला बऱ्याच डायोसीसमध्ये टिकून आहेत. मूळ वही असली तरी त्या पाहाव्यात, कारण उतरवताना पाद्री कधी एखादा शब्द जास्त लिहून जातो, कधी अख्खी नोंद खातो.

विल्यमचा जन्म १८०८-०९ चा, म्हणजे १८१३ च्या अलीकडचा नाही, आणि हा फरक मोठा आहे. १८१२ च्या कायद्याने १ जानेवारी १८१३ पासून छापील तक्ते आले आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत राहण्याचं ठिकाण व बापाचा धंदा आला. त्याआधी बहुतेक ठिकाणी ‘जॉन आणि मेरीचा मुलगा विल्यम’ एवढ्यावरच काम भागायचं. यॉर्कशर आणि डरॅमचे लोक नशीबवान. तिथे डेड आणि बॅरिंग्टन या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीच्या वह्यांत अठराव्या शतकाच्या अखेरीस आजीआजोबांपर्यंत माहिती मिळते.

चर्चऐवजी चॅपेल

आईबापांचं लग्न गावच्या चर्चमध्ये आहे, दफनंही तिथेच, पण एकाही मुलाचा बाप्तिस्मा नाही. हे चित्र दिसलं की मी सरळ चॅपेलकडे, म्हणजे अधिकृत अँग्लिकन चर्चबाहेरच्या पंथांच्या प्रार्थनास्थळाकडे, वळतो. १७५४ पासून १८३७ पर्यंत क्वेकर आणि ज्यू सोडून सगळ्यांना लग्न अँग्लिकन चर्चमध्येच करावं लागे, कारण तसा कायदाच होता. मुलांच्या बाप्तिस्म्याला अशी सक्ती नव्हती. मेथॉडिस्ट, काँग्रिगेशनलवाले, प्रेस्बिटेरियन आपापल्या चॅपेलमध्ये करत. बॅप्टिस्ट तर लहान मुलांचा बाप्तिस्मा करतच नाहीत. त्यांच्याकडे असलीच तर जन्माची नोंद असते.

गावात चॅपेल होतं का, हे कसं कळणार? ३० मार्च १८५१ च्या रविवारी, म्हणजे जनगणनेच्याच दिवशी, इंग्लंडमध्ये सगळ्या प्रार्थनास्थळांचीही गणती झाली. ते कागद लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये एचओ १२९ या क्रमांकाखाली आहेत. कुठल्या पॅरिशमध्ये कुठल्या पंथाचं चॅपेल, कधी बांधलं, त्या दिवशी किती माणसं आली, हे सगळं त्यात आहे. बऱ्याच काउंट्यांचे हे कागद स्थानिक इतिहास मंडळांनी छापलेही आहेत. विल्यमच्या जन्मानंतर वीस वर्षांनी चॅपेल बांधलेलं निघालं तर ते बाद. आधी बांधलेलं असेल तर त्याची वही शोधा. १८३७ नंतर सरकारने अशा हजारो वह्या गोळा केल्या. त्या तिथेच आरजी ४ या क्रमांकाखाली आहेत आणि सशुल्क साइटवर चाळता येतात. मेथॉडिस्ट पाद्री फिरतीवर असत, म्हणून मुलाची नोंद दहा मैलांवरच्या गावातल्या चॅपेलच्या वहीत निघाली तर नवल नाही.

चर्चमध्येच झालेला पण वेळेवर न झालेला बाप्तिस्माही असतो. चार भावंडांचा एकाच रविवारी, किंवा लग्नाआधी मोठेपणी स्वतःचा. म्हणून जन्मवर्षाच्या पुढे निदान वीस वर्षं चाळा. पहिल्या मुलासाठी आईचं माहेर आधी बघा.

बापाच्या रकान्यात काहीच नाही

आता खरी मेहनतीची, पण सगळ्यांत रसाळ जागा. लग्नाबाहेर जन्मलेलं मूल आईच्या आडनावाने नोंदलं जाई, पुढे ते बापाचं किंवा सावत्र बापाचं आडनाव लावू लागे, आणि जनगणनेत तेच दिसतं. पाद्र्याने ‘बेस बॉर्न’ असा शेरा मारलेला असतो. तेवढ्याने बाप कळत नाही. पण बाप कोण हे जाणून घ्यायची गरज एका मंडळीला नक्की होती: मुलाचा खर्च ज्यांच्या अंगावर पडणार त्या पॅरिशच्या गरीबनिधी पाहणाऱ्यांना.

१६६२ च्या कायद्याने प्रत्येक माणसाचा एक हक्काचा पॅरिश ठरला. अडचणीत मदत तिथेच. दुसरीकडे हात पसरला तर परत पाठवणी. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाला जन्म झाला त्या पॅरिशमध्ये हक्क मिळे, म्हणून दिवस भरत आलेल्या एकट्या बाईला हद्दीपलीकडे ढकलून देण्याचे प्रकार सर्रास चालत. ती बाळंत झालीच तर मॅजिस्ट्रेटसमोर बापाचं नाव शपथेवर सांगायला लावत आणि त्या माणसाकडून भरपाईचा करारनामा लिहून घेत. हे जबाब, करारनामे आणि परत पाठवणीचे हुकूम काउंटीच्या अभिलेखागारात पॅरिशच्या पेटीत असतात, काही क्वार्टर सेशन्सच्या (काउंटीच्या तिमाही न्यायालयाच्या) दप्तरात. १८३४ मध्ये कायदा बदलला आणि ही व्यवस्था बरीच पालटली, पण विल्यमच्या पिढीला ती पुरेपूर लागू होती.

हक्क ठरवायचे जबाब तर वाचण्यासारखे असतात. माणूस सांगतो, अमुक गावी जन्मलो, बाप तमुक धंदा करायचा, चौदाव्या वर्षी या शेतकऱ्याकडे वर्षाच्या कराराने राहिलो, मग त्या. अविवाहित गड्याने पूर्ण वर्ष चाकरी केली की त्या पॅरिशमध्ये हक्क लागे, म्हणून शेतकरी ५१ आठवड्यांवर गडी ठेवत. गरीब शेतमजुराने स्वतःच्या तोंडून आयुष्य सांगितलंय असा हा जवळजवळ एकमेव कागद, आणि बाप्तिस्म्यापेक्षा यात जास्त मिळतं. यातलं फारच थोडं इंटरनेटवर आहे. अभिलेखागाराच्या ऑनलाइन सूचीत पॅरिशचं नाव घालून शोधावं लागतं. सूचीत कधी कधी जबाब देणाऱ्यांची नावंही दिलेली असतात.

तीन विल्यम

आता दुसऱ्या टोकाची अडचण. एकाच पॅरिशमध्ये पाच वर्षांच्या आत त्याच नावाचे तीन बाप्तिस्मे. इथे आवडीने निवडायचं नाही, एकेकाला बाद करायचं. पहिलं काम दफनाची वही. लहानपणी गेलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला द्यायची रीत होती, त्यामुळे तिघांपैकी दोघे एकाच घरातले आणि त्यातला थोरला पाळण्यात गेलेला, असं निघू शकतं. १८१३ नंतरच्या दफनात वय असतं. उरलेल्यांपैकी एखादा १८५१ मध्ये वेगळ्याच बायकोसह शेजारच्या गावात राहत असेल तर तोही गेला.

शेवटी जो उरतो त्याला पुरावा लागतोच. विल्यमचं लग्न १ जुलै १८३७ नंतरचं असेल तर प्रश्नच मिटला. लग्नाच्या दाखल्यावर दोन्हीकडच्या बापांचं नाव आणि धंदा आहे. त्याआधीचं असेल तर सही आहे की फुली, साक्षीदार कोण आणि बॅन्सच्या (लग्नाआधी चर्चमध्ये वाचल्या जाणाऱ्या जाहीर सूचनांच्या) वहीत वर कुठल्या पॅरिशचा म्हटला आहे, ते बघा. बायकोचं माहेरचं आडनाव माहीत नसेल तर १८३७ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी जनरल रजिस्टर ऑफिसची (जन्म, लग्न, मृत्यूच्या सरकारी नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाची) नवी ऑनलाइन सूची वापरा. तिच्यात आईचं माहेरचं आडनाव पहिल्या वर्षापासून दिलेलं आहे, जुन्या छापील सूचीत ते १९११ नंतरच येतं. मग भावंडं. विल्यमची धाकटी भावंडं १८१३ नंतरची असतील तर त्यांच्या नोंदीत बापाचा धंदा मिळतो, आणि १८४१ मध्ये म्हातारा बाप एखाद्या मुलीकडे सापडतो. एकट्या माणसाचा माग काढण्यापेक्षा सगळं घर परत बसवणं हाच इथे खरा मार्ग. वेळ लागतो, पण चूक धरली जाते.

पुण्या-मुंबईकडून सुरुवात करणाऱ्यांसाठी

काहींच्या घरात तो इंग्रज खापरपणजोबा पलटणीत किंवा रेल्वेत इकडे आलेला असतो आणि इंग्लंडमधलं गाव ठाऊक नसतं. मुंबई इलाख्यातल्या चर्चांमधल्या बाप्तिस्मा, लग्न, दफनांच्या नकला लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात एन/३ खाली आहेत, फाइंडमायपास्टवरही आहेत. गाव मात्र त्यात क्वचितच. राणीच्या पलटणीतला शिपाई पेन्शनवर निवृत्त झाला असेल तर नॅशनल आर्काइव्ह्जच्या डब्ल्यूओ ९७ या संग्रहातल्या कागदात जन्माचा पॅरिश, जवळचं शहर आणि काउंटी, तिन्ही एका वाक्यात लिहिलेले असतात. इथे नोकरीत असतानाच वारला असेल तर त्या संग्रहात शोधण्यात अर्थ नाही. भारतातल्या ब्रिटिश कुटुंबांसाठी फिबिस नावाची संस्था आहे. तिची सूची आधी फुकट चाळून घ्या.

अभिलेखागाराला पत्र लिहिताना

‘माझ्या घराण्याची माहिती पाठवा’ असं लिहिलं तर सशुल्क संशोधनाचं दरपत्रक येतं. पॅरिशचं नाव, वर्षांचा पट्टा, वहीचा प्रकार आणि आतापर्यंत काय पाहिलं ते लिहा. उदाहरणार्थ: ‘अमुक पॅरिशच्या १८०० ते १८१२ च्या बाप्तिस्म्याच्या बिशप नकला टिकल्या आहेत का, आणि गरीबनिधीच्या पेटीत १८०५ ते १८१५ चे जबाब आहेत का?’ अशा प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर देता येतं, आणि ते बहुतेक वेळा पैसे न घेता मिळतं. हो आलं तर त्या पानाच्या प्रतीची मागणी वेगळी करा, सोबत कागदाचा पूर्ण क्रमांक द्यायला विसरू नका.